रोडगे खावेत, तेल-तूप मोजावे

सुगी संपली, नवस फेडायचा आला किंवा शेतात पाहुणे जमले की आपल्या भागात रोडग्यांचा बेत ठरतो. रोहिणखेड, मोताळा, धामणगाव बढे या घाटाखालच्या पट्ट्यात हा बेत कोणाला नवा नाही. गोवऱ्या पेटतात, ज्वाळा बसून निखारे झाले की त्यावर कणकेचे गोळे रचले जातात आणि तासाभरात पंगत बसते. खानदेश जवळ असल्याने काही घरांत रोडग्यांच्या जागी बट्टी असते. ताटातला मेळ मात्र सारखाच असतो. भाजलेली कणीक, तुरीचे घट्ट वरण, वांग्याची झणझणीत भाजी आणि वरून तुपाची धार.

हा बेत फार जुना आहे. सोळाव्या शतकातल्या संत एकनाथांच्या एका प्रसिद्ध भारुडात भवानीआईला रोडगा वाहण्याचा नवस बोललेला आहे. म्हणजे निदान चारशे वर्षे तरी मराठी माणूस रोडगा खातो आहे. मग आताच तो अपायकारक कसा झाला, असा प्रश्न अनेकांना पडतो. घरात कोणाला मधुमेह निघाला, रक्तदाब वाढला किंवा हृदयाचा त्रास झाला की "रोडगे-बट्टी बंद" असे सांगितले जाते. त्यानंतर दोनच गोष्टी घडतात. एक तर तो माणूस पंगतीपासून दूर बसतो, नाहीतर "एका दिवसाने काय होते" म्हणून पोटभर खातो आणि दोन दिवस त्रास काढतो. हे दोन्ही टाळता येते. त्यासाठी या जेवणातला जड भाग नेमका कोणता, हे आधी समजून घेतले पाहिजे.

काळ बदलला, धार तीच राहिली

औतामागे दिवसभर चालणाऱ्या, मोटेचे पाणी देणाऱ्या, बाजारासाठी दहा कोस पायी जाणाऱ्या माणसाला भरपूर उष्मांक लागत. तुपाची धार त्याच्या अंगी लागत नसे, कारण ती संध्याकाळपर्यंत खर्च होई. आज नांगरणी ट्रॅक्टर करतो, पाणी मोटारपंप ओढतो आणि शेतापर्यंत मोटारसायकल जाते. दुकानात, शाळेत, कचेरीत बसून काम करणाऱ्यांची संख्याही वाढली आहे. खर्च कमी झाला, पण जमा तेवढीच राहिली. ही शिल्लक पोटावर चरबीच्या रूपाने साठते.

याचे परिणाम आता केवळ मोठ्या शहरांपुरते उरलेले नाहीत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि दर तीन प्रौढांमागे साधारण एकाला उच्च रक्तदाब आहे. आपल्या पंगतीतही असे लोक बसलेले असतात. त्यातल्या काहींना आपल्याला आजार आहे याची कल्पनाही नसते.

रोडगा आणि विलायती भाऊबंद

रोडग्याची रचना पाहण्यासारखी आहे. घट्ट मळलेल्या कणकेच्या लहान पाऱ्या लाटायच्या, त्यांना तेलाचे बोट लावायचे, एकावर एक ठेवून मोठ्या पारीत गुंडाळायच्या आणि तो गोळा निखाऱ्यावर भाजायचा. आतले तेल पापुद्रे सुटे ठेवते आणि कोरडी उष्णता गोळा आतपर्यंत शिजवते.

शहरातल्या हॉटेलांत आणि दूरदर्शनच्या पडद्यावर लझानिया नावाचा इटलीचा पदार्थ दिसतो. त्याचीही रचना अशीच आहे. गव्हाच्या पिठाच्या रुंद, पातळ पट्ट्या थरावर थर ठेवतात, मध्ये टोमॅटोचे सार, दूध-लोणी-मैद्याचे पांढरे सार आणि चीज घालतात व सारे भट्टीत भाजतात. अशा पदार्थांना पास्ता म्हणतात. त्यासाठी वापरतात तो ड्युरम जातीचा कडक गहू आपल्याकडे बन्सी म्हणून ओळखला जातो. आपल्या शेवया, काडीवर गुंडाळलेले पोकळ सरगुंडे हे पास्त्याचेच भाऊबंद म्हणायला हरकत नाही.

लझानिया हलका करायचा असेल तर पिठाच्या पट्ट्या फेकून देत नाहीत. थरांमधले चीज आणि लोणी कमी करतात आणि त्या जागी पालक, वांगी, भोपळा अशा भाज्या घालतात. भाजण्याची पद्धत तीच ठेवतात. कारण जडपणा थरांत नसून थरांच्या मध्ये आणि वर घातलेल्या स्निग्ध पदार्थांत असतो. हाच नियम रोडग्याला लागू केला की आपले काम सोपे होते.

तेल जाते कुठे?

एक ग्रॅम पिष्टमय पदार्थापासून किंवा प्रथिनांपासून ४ उष्मांक मिळतात. एक ग्रॅम तेलापासून किंवा तुपापासून ९ मिळतात. म्हणजे वजनाला वजन धरले तर तेल-तूप दुपटीहून अधिक उष्मांक देते. चहाचा लहान चमचा ५ मिलिलिटरचा धरला तर त्यात साधारण साडेचार ग्रॅम तेल मावते. पोह्याचा मोठा चमचा १५ मिलिलिटरचा, त्यात साधारण साडेतेरा ग्रॅम.

आता एका माणसाच्या पंगतीतल्या ताटाचा हिशेब मांडू. पिठातले मोहन आणि पापुद्र्यांना लावलेले तेल मिळून तीन लहान चमचे, म्हणजे साडेतेरा ग्रॅम. कुस्करलेल्या रोडग्यांवर दोन मोठे चमचे तूप, म्हणजे २७ ग्रॅम. वांग्याच्या भाजीवर तरंगणारी तर्री मोठा एक चमचा, म्हणजे साडेतेरा ग्रॅम. वरणाची फोडणी लहान एक चमचा, म्हणजे साडेचार ग्रॅम. बेरीज झाली ५८ ग्रॅमच्या वर आणि उष्मांक झाले सुमारे ५२५. हे केवळ वरून घातलेल्या तेल-तुपाचे. पीठ, डाळ, भाजी आणि शेवटचा गोड घास यांचे वेगळेच.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशी पाहिल्या तर बैठे काम करणाऱ्या प्रौढाने दिवसभरात वरून घेण्याचे तेल-तूप साधारण २० ते ३० ग्रॅमच्या आत असावे. आपल्या पंगतीत एकाच बैठकीला त्याच्या दुप्पट पोटात जाते.

बट्टी उकडून, कापून, कढईत तळली असेल तर हा आकडा आणखी वाढतो. आपल्या घरच्या तळण्यात किती तेल मुरते हे जाणून घ्यायचे असल्यास एक सोपी युक्ती आहे. तळण्याआधी कढईत ओतलेले तेल मापाने मोजून घ्यावे. तळून झाल्यावर, तेल पूर्ण निवल्यावर पुन्हा मोजावे. जितके कमी भरले, त्यातले जवळपास सारे बट्ट्यांत गेले असे समजावे.

हलका रोडगा : साहित्य

चार माणसांसाठी पुढील प्रमाण पुरेसे होते. यातून बारा रोडगे होतात, म्हणजे माणशी तीन.

जाडसर दळलेले गव्हाचे पीठ ३०० ग्रॅम, मक्याचे जाडसर पीठ १०० ग्रॅम, ताजे दही अर्धी वाटी, तेल चहाचे ४ चमचे, ओवा १ चमचा, तीळ २ चमचे, मीठ चहाचा अर्धा चमचा, चिमूटभर हळद, बारीक चिरलेली मेथी २ वाट्या.

पीठ जाडसर हवे आणि कोंडा काढलेला नसावा. कोंड्यात तंतुमय पदार्थ असतात. त्यांमुळे पोट लवकर भरते, साफ राहते आणि जाडसर पिठातली साखर मैद्यापेक्षा सावकाश रक्तात उतरते. मका आपल्या शेतात पिकतोच. त्याने रोडगा खुसखुशीत होतो. दह्यामुळे कणकेला मऊपणा येतो, म्हणून मोहन कमी पुरते.

खाण्याचा सोडा शक्यतो घालू नये. पाच ग्रॅम सोड्यात जेवढे सोडियम असते तेवढे साधारण साडेतीन ग्रॅम मिठात असते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवले आहे. रक्तदाबाच्या रुग्णाच्या पोटात सोड्याच्या रूपाने हे छुपे सोडियम जाते. चवीत ते कळत नाही.

कृती

दोन्ही पिठे, ओवा, हळद, मीठ एकत्र करावे. त्यात दोन चमचे तेल चोळून घ्यावे. दही आणि लागेल तसे पाणी घालून कणीक घट्ट मळावी व अर्धा तास ओल्या फडक्याखाली झाकून ठेवावी. जाडसर पिठाला पाणी शोषायला वेळ लागतो. ही पायरी गाळली तर रोडगा आतून कच्चा आणि कोरडा राहतो.

कणकेचे बारा भाग करावेत. प्रत्येक भागाच्या तीन गोळ्या कराव्यात, त्यातली एक जरा मोठी. तिन्हींच्या पाऱ्या लाटाव्यात. उरलेल्या दोन चमचे तेलाचे बोट बाराही रोडग्यांना पुरवून लावायचे आहे. लहान पारीवर तेलाचा नुसता हात फिरवावा, त्यावर चिमूटभर कोरडे पीठ, मेथी व तीळ पसरावेत. दुसरी लहान पारी वर ठेवून तसेच करावे. मग दोन्ही पाऱ्या मोठ्या पारीवर ठेवून कडा वर घेऊन गोळा बंद करावा. पीठ आणि मेथी मध्ये असल्याने थोड्या तेलातही पापुद्रे चिकटत नाहीत. मेथी आवडत नसेल तर पालक किंवा चिरलेली कोथिंबीर चालते.

निखाऱ्यावर भाजायचे असतील तर गोवऱ्यांच्या ज्वाळा पूर्ण बसू द्याव्यात. रोडगे फुफाट्याच्या कडेने ठेवून फिरवत भाजावेत. घाई केली तर बाहेरून करपतात आणि आत पीठ कच्चे राहते. पंगतीनंतर पोट जड झाल्याची जी तक्रार असते, तिच्यामागे अनेकदा हे कच्चे पीठही असते. एक रोडगा मोडून पाहावा किंवा मध्ये स्वच्छ काडी खुपसून पाहावी. ओले पीठ चिकटले नाही तर झाले. राख फडक्याने नीट झटकावी आणि काळा करपलेला भाग काढून टाकावा.

घरच्या गॅसवर करायचे असतील तर रोडगे आधी मोदकपात्रात १५ मिनिटे वाफवावेत. मग जाड बुडाच्या कढईत किंवा तव्यावर झाकण ठेवून, मंद आचेवर, फिरवत २० ते २५ मिनिटे भाजावेत. आप्पेपात्र असल्यास रोडग्यांचा आकार लहान करून त्यात भाजता येतात. विजेची भट्टी असेल तर वाफवल्याशिवाय १८० अंश सेल्सियसवर ३० ते ३५ मिनिटांत होतात. बट्टीही याच रीतीने करावी. उकडून कापलेले तुकडे तळण्याऐवजी चहाच्या दोन चमचे तेलात घोळून तव्यावर खरपूस करावेत. कडा कुरकुरीत होतात आणि कढईभर तेल वाचते.

वरण आणि भाजी

वरणासाठी माणशी ५० ग्रॅम तुरीची डाळ धरावी. त्यातून साधारण ११ ग्रॅम प्रथिने मिळतात. गव्हाच्या प्रथिनांत लायसिन हा घटक कमी असतो, तो डाळीत भरपूर असतो. म्हणून वरण आणि रोडगा एकमेकांची उणीव भरून काढतात. आपल्या पूर्वजांनी हे शास्त्र शिकून जोडी जमवली नसेल, पण जोडी उत्तम जमली आहे. चार माणसांच्या वरणाला चहाचे दोन चमचे तेलाची लसूण-जिरे-हिंगाची फोडणी पुरते. डाळ घोटून घट्ट केली की तुपाची उणीव फारशी जाणवत नाही.

वांग्याच्या भाजीला चार माणसांसाठी चहाचे चार चमचे तेल घ्यावे. कांदा-लसणाचे वाटण परतताना खाली लागू लागले की तेल न ओतता गरम पाण्याचा हबका मारावा. वांगी आधी निखाऱ्यावर किंवा तव्यावर थोडी भाजून घेतली तर ती तेल कमी ओढतात. दाण्याचा कूट चव आणतो, पण त्यातही तेल असतेच. तो मुठीने न घालता चमच्याने घालावा.

ताटावर तूप हवेच. माणशी चहाचा एक चमचा साजूक तूप, रोडगा गरम असताना, मोडलेल्या बाजूवर घालावे. गरम पापुद्र्यांत ते लगेच मुरते आणि वास तेवढाच येतो.

आता नवा हिशेब पाहू. रोडग्यातले तेल माणशी साडेचार ग्रॅम, तूप साडेचार, भाजी साडेचार आणि फोडणी सव्वादोन. एकूण १६ ग्रॅमच्या आत, उष्मांक सुमारे १४०. आधीच्या ताटापेक्षा ४२ ग्रॅमहून अधिक तेल-तूप कमी झाले आणि सुमारे ३८५ उष्मांक वाचले. शंभर ग्रॅम गव्हाच्या पिठात साधारण ३४० उष्मांक असतात. म्हणजे एका माणसाच्या रोडग्यांना लागते तेवढ्या पिठाहून अधिक आपण तेल-तुपातून वाचवले, तेही एकही रोडगा कमी न करता.

पंगतीतला आग्रह

घरी हे सारे जमेल, पण पंगतीत काय करायचे? आपल्याकडे वाढणाऱ्याने आग्रह केला नाही तर यजमानाला कमीपणा वाटतो आणि पाहुण्याने नको म्हटले तर मान राखला नाही असे होते. तुपाचे भांडे घेऊन फिरणारा पाहुण्याच्या पानावर हात आडवा होईपर्यंत थांबत नाही. यात प्रेम आहे, त्याला नावे ठेवायची नाहीत. पण त्याच पानावर बसलेल्या काकांना गेल्या वर्षी हृदयाचा झटका येऊन गेलेला असतो आणि ते संकोचाने बोलत नाहीत.

यजमानांनी तीन गोष्टी कराव्यात. तूप वाढणाऱ्याच्या हातात पळीऐवजी लहान चमचा द्यावा. भाजीची तर्री वरून घालण्याऐवजी मागणाऱ्यालाच द्यावी. काकडी, मुळा, गाजर, कांदा यांची कोशिंबीर पहिल्या वाढीला आणावी. पोटात आधी ती गेली की पुढची वाढ आपोआप आवरते.

मोठ्या भंडाऱ्यांत खर्च आवरण्यासाठी वनस्पती तूप किंवा पुनःपुन्हा तापवलेले तेल वापरण्याचा मोह होतो, तो टाळावा. वनस्पती तुपातली ट्रान्स-चरबी हृदयाच्या रक्तवाहिन्यांना विशेष घातक असते. म्हणून २०२२ पासून देशात खाद्यतेल व वनस्पतीत तिचे प्रमाण २ टक्क्यांच्या आत ठेवण्याचा नियम आहे. तळून तळून काळे पडलेले तेल तर कोणत्याही पंगतीत नको. निखाऱ्यावर भाजलेल्या रोडग्यांच्या पंगतीला तळणाचे तेल लागतच नाही, हा तिचा मोठाच गुण आहे.

निखाऱ्यांचीही काळजी घ्यावी. गोवऱ्यांच्या धुरात बारीक कण आणि विषारी वायू असतात. रोडगे मोकळ्या जागेत, वाऱ्याची दिशा पाहून भाजावेत. बंद स्वयंपाकघरात किंवा पत्र्याच्या खोलीत गोवऱ्या पेटवू नयेत. दमा असलेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि लहान मुलांनी धुरापासून लांब राहावे.

कोणी काय सांभाळावे?

मधुमेही व्यक्तीने हलका रोडगाही मोजूनच खावा. दोन रोडगे, भरपूर वरण, भाजी व कोशिंबीर असे ताट घ्यावे. रोडग्यांसोबत भात आणि गोड असे तिन्ही एकाच जेवणात नकोत. तेल कमी झाले तरी पीठ हे पीठच असते आणि साखर त्यातूनही वाढते. पंगत आहे म्हणून गोळी किंवा इन्सुलिन चुकवू नये आणि जास्त खाल्ले म्हणून आपल्या मनाने दुप्पटही घेऊ नये.

रक्तदाबाच्या रुग्णांनी सोडा, लोणचे, पापड आणि वरून मीठ टाळावे. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी डाळीचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. जेवण झाल्यावर लगेच आडवे होऊ नये, थोडे चालावे.

शेवटी एक महत्त्वाची गोष्ट. तेल-तूप कमी करण्याचा हा सल्ला सर्वांसाठी नाही. अंगाने बारीक असलेली वाढती मुले, अंगावर पाजणाऱ्या माता, दिवसभर अंगमेहनत करणारे मजूर यांना उष्मांक हवेच असतात. त्यांच्या ताटातले तूप काढून घेण्याचे कारण नाही. एकाच घरात आजोबांच्या रोडग्यावर एक चमचा आणि हडकुळ्या नातवाच्या रोडग्यावर दोन चमचे तूप पडले तर त्यात भेदभाव नाही, समज आहे. रोडगे सर्वांसाठी एकाच निखाऱ्यावर हलके भाजावेत, तूप प्रत्येकाच्या गरजेप्रमाणे वाढावे. म्हणजे आजारी माणसाला वेगळे ताट लावावे लागत नाही आणि त्याला पंगतीतून उठावेही लागत नाही.